घडी

एप्रिल. आमच्याकडे पानगळ एप्रिलमध्येच येते.
ब्रूनी बेटामागून ढग निघालेत,
नैऋत्येचा वारा अजून कुठेतरी चहा पीत बसला असेल,
दुपारी पोहोचेल.
त्याआधी हे छत आवरायला हवं.

छत म्हणजे काय, दोन वाव कॅनव्हास,
कधीकाळी निळा.
त्यावर मीठ, कुरव पक्ष्यांची कृपा,
आणि एरलनं सिगारेट टेकवली तिथलं वाटाण्याएवढं भोक,
ज्यातून उन्हाचा एक ठिपका
उन्हाळाभर माझ्या गुडघ्यावर फिरत राहिला.

उघडं असतं तेव्हा त्याची तक्रार नसते.
पट्टे ताठ, वारा वरून जातो, खालून जातो,
माणसं सावलीत सँडविच खातात.
मिटलं की मात्र
त्याच्या मनात काहीबाही येऊ लागतं.

गेल्या वर्षी ह्युऑनव्हिलच्या रस्त्यावर,
ट्रेलरवर होडी, काटा ऐंशीवर,
भाऊ म्हणाला होता, एक गाठ पुरे मेरिन,
कुठे पळून जाणार आहे ते?
आणि आरशात पाहिलं तर
आमच्या मागोमाग छत उभं राहत होतं,
सावकाश, ऐटीत,
वऱ्हाड दारात आल्यावर यजमान उठतो तसं.
मग कडाड.
सफरचंदाच्या बागेत शिडीवरचा माणूस
टोपी हातात घेऊन बघत राहिला.
अकरा किलोमीटर एरल बोलला नाही.
बाराव्याला म्हणाला, स्क्रू ढिला असणार.

तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

आधी कापड सुकवायचं, पूर्ण.
ओलं गुंडाळलं तर ऑक्टोबरात बुरशी उघडायची.
मग चुण्या बाहेर ओढायच्या, एकेक,
नळ्यांच्या चिमट्यात कापड सापडलं तर चिरतं.
चेन मिठानं धरलीय,
तिच्यावर मेणबत्तीचं बुडखं घासायचं,
शिव्या घालायच्या, पुन्हा घासायचं,
खोळ चढते.

नळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये
कॅलमची पोहायची फोमची नळी, वीतवीतभर कापलेली.
केशरी. तिच्यावर त्याचे दात आहेत,
सहा वर्षांचे.
आता तो डार्विनला असतो,
रविवारी फोन करतो, विचारतो, होडी विकलीत का?

मग पट्टे. सरळ खाली ओढायचे नाहीत,
सरळ ओढलं की छत डुलत राहतं,
दारुड्यासारखं, दोन्ही बाजूंना.
डावा पट्टा उजव्या खुंट्याला,
उजवा डाव्याला. फुली.
उरलेलं टोक वळून आत खोचायचं,
मोकळं टोक रात्रभर होडीला चापट्या मारतं
आणि शेजारची मिसेस प्रॉबर्ट सकाळी त्याचा हिशोब देते.

शेवटी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचं.
छत हललं तर गाठ चुकली.
होडी हलली तर बरोबर.

छत हललं.

मागचा आधार, तिथला पट्टा उन्हानं कुजलाय,
बक्कल हातात आलं.
दोरी गाडीत, गाडी एरलकडे,
एरल दुकानात आमिषाचं राहिलेलं बिल भागवायला.
पाण्यावर पलीकडे एक काळी रेघ,
शिंपल्यांच्या शेतीवरचे तरंडे एकाएकी एकाच दिशेला बघू लागलेले.

मी पिकलकडे पाहिलं.
पिकलनं माझ्याकडे.
त्याच्या गळ्यातला साखळदोर, चामडी, दुहेरी शिवणीचा,
अगदी मापाचा.

हलवलं. होडी हलली,
धक्का कुरकुरला, माझी टोपी पाण्यात गेली.

वारा आला तेव्हा त्यानं छताला दोनदा विचारून पाहिलं,
मग दुसऱ्यांच्या होड्यांकडे वळला.

एरल धक्क्यावरून येताना लांबूनच ओरडतोय,
एवढं काय जखडून ठेवलंयस,
कुठे पळून जाणार आहे ते?
मी काही म्हणत नाही.
त्याच्या मागून, त्याच्याच पिशवीतली मासळी तोंडात धरून
पिकल निघालाय,
वारा प्यालेल्या वासरासारखा,
थेट फेरीच्या रांगेत.